आतोबांच्या खलातली लवंगादी

लवंगादी वटीत, म्हणजे खोकल्यावर चघळायच्या गोळीत, जिन्नस पाचच. लवंग, काळी मिरी, बेहड्याची साल, कात आणि हे सगळं घोटायला बाभळीच्या सालीचा काढा. पहिले तिन्ही समभाग आणि कात त्या तिघांच्या बेरजेइतका. भस्म नाही, पारा-गंधक नाही, शोधन करून घ्यावं लागेल असं काही विषारी नाही. म्हणून तर आतोबांनी मला शिकवायला ही गोळी निवडली. मी आधी संजीवनी वटीचं नाव काढलं होतं. ते म्हणाले, "त्यात बचनाग असतो, बिब्बा असतो. तू मराठीची बाई. लवंगा कुट मुकाट्यानं."

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. वाईला त्यांचा जुना दवाखाना आहे. पेशंट आता मोजकेच येतात, पण मागच्या पडवीत खल, बत्ते, पितळी तराजू, चाळण्या असा सगळा सरंजाम अजून जागच्या जागी आहे. मी पुण्यात शाळेत शिकवते. भरलेला वर्ग, वर पंख्यांची घरघर आणि दिवसभर बोलणं. परतीचा पाऊस संपला की घशात खवखव सुरू होते आणि रात्री पाठ टेकली की कोरडी ढास. त्यावर लवंगादी चघळायची सवय मला आईमुळे लागली. पण हल्ली दुकानात जी हाती लागायची, ती जिभेवर ठेवली की बघता बघता विरून जायची आणि मागे गोडसर चव ठेवायची. आतोबांना तक्रार सांगितली, तर त्यांनी गोळी दोन बोटांत धरून चुरली. तिचं पीठ झालं. "ही दाबलेली गोळी आहे, घोटलेली नाही," म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत ये."

दिवाळीच का, तर पावसाळ्यात गोळ्या वळायच्याच नाहीत असा त्यांचा दंडक. हवेत ओल असली की गोळी वरून सुकते, आत ओली राहते आणि बरणीत गेल्यावर बुरशी धरते.

हा योग, म्हणजे औषधाची ही कृती, लोलिंबराजांच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथातला. लोलिंबराज जुन्नरचे, सप्तशृंगीचे भक्त अशी परंपरा सांगते. औषधांचा ग्रंथ लिहिताना मधूनमधून बायकोला लाडानं हाका मारणारा असा वैद्य दुसरा झाला नसेल. त्यात म्हटलंय की ही गोळी आठ घटकांत खोकला घालवते. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ३ तास १२ मिनिटं. मी हा हिशेब करून दाखवला तेव्हा आतोबा खूप हसले. "कवी होता गं तो. पण चघळणारानं घड्याळ लावून बसू नये."

माल आणायचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींची दुकानं आहेत, पण जाण्याआधी आतोबांनी फोनवर माझी पूर्ण शिकवणी घेतली. लवंग घेताना नखानं दाबून बघायची, तेलाची ओल दिसली पाहिजे. घरी आणली की चार लवंगा पाण्यात टाकायच्या. चांगली लवंग बुडते, नाहीतर देठ खाली करून उभी राहते. जिचं तेल आधीच काढून घेतलंय ती आडवी तरंगते. मिरीही पाण्यात टाकून बघायची. पोकळ दाणे आणि भेसळीची पपईची बी वर येते. बेहडा अख्खा फळ म्हणून घ्यायचा, सालीचा तयार चुरा नाही. फळ फोडून आतली आठळी टाकायची आणि फक्त वरचा गर-साल घ्यायची. वेदकाळात जुगाराचे फासे याच बेहड्याच्या आठळ्यांचे असत, हे आतोबांनी त्या ओघात सांगून टाकलं.

सगळ्यात घोळ कातात. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, ते पाणी आटवून कात करतात. रायगड-ठाण्याकडच्या कातकऱ्यांचा हा पिढीजात धंदा होता, नावच त्यावरून पडलं. आज बाजारात कात म्हणून जे मिळतं त्यात गंबीर असतो, म्हणजे आग्नेय आशियातल्या एका वेलीचा अर्क. पानात तो खपून जातो. शिवाय माती मिसळलेली असते ती वेगळी. आतोबांची परीक्षा सोपी होती. एक खडा गरम पाण्यात विरघळवायचा, पेला रात्रभर ठेवायचा आणि सकाळी तळाला किती गाळ बसलाय ते बघायचं. अर्थात यातून माती कळते, गंबीर कळत नाही. त्यासाठी दुकानदार ओळखीचा हवा. मी पानवाल्याकडचा कात नेला नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

बाभळीची साल मात्र त्यांनी स्वतः मागवली होती, फलटणकडच्या एका पेशंटाकडून. तिथंही तोच प्रकार. बाभूळ सांगितली की माणसं वेडी बाभूळ तोडून आणतात, कारण रस्त्याकडेला तीच माजलेली असते. आपली गावठी बाभूळ पिवळ्या गोल गोंडेदार फुलांची, पांढरट सरळ काट्यांची, आणि शेंग मण्यामण्यांच्या माळेसारखी आवळलेली. वेडीची फुलं फिकट, लांबट तुऱ्याची. साल एकदा वाळली की ओळखणं कठीण, म्हणून त्यांनी सालीबरोबर शेंगा लागलेली एक डहाळीही मागवली होती.

काढ्याचं गणित पाठ आहे: जेवढं चूर्ण तेवढी साल, सालीच्या आठपट पाणी आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. आमचं चूर्ण ३०० ग्रॅम होणार होतं. लवंग, मिरी, बेहडा प्रत्येकी ५० आणि कात १५०. म्हणजे साल ३०० ग्रॅम, पाणी २,४०० मिली, उरवायचं ३००. पण भावना, म्हणजे चूर्ण काढ्यात घोटून सुकवण्याच्या फेऱ्या, तीन द्यायच्या आणि काढा एकदम केला तर शेवटच्या दिवसापर्यंत आंबणार, म्हणून आतोबा त्याचे तीन वाटे करतात. रोज १०० ग्रॅम साल ८०० मिली पाण्यात, उरवायचं १०० मिली, आणि ते त्याच दिवशी संपवायचं. साल आदल्या रात्री भिजत घालायची. सकाळी पातेल्यात आधी १०० मिली पाणी ओतून त्यात एक काडी उभी धरायची आणि पाणी जिथवर आलं तिथं खूण करायची. मग उरलेलं पाणी आणि साल. साल गाळून काढली आणि काढा त्या खुणेवर आला की गॅस बंद. झाकण ठेवायचं नाही, आच मंद.

पातेलं स्टीलचं. मी लोखंडी कढईकडे बघत होते, तर आतोबांनी काढ्याचे दोन थेंब एका गंजक्या खिळ्यावर टाकले. डोळ्यांदेखत तांबूस थेंब काळेनिळे झाले. बाभळीत आणि कातात टॅनिन भरपूर. लोखंड लागलं की त्याची शाई होते, आणि जुनी शाई खरोखर अशीच करत. कातडी कमवायलाही हीच बाभळीची साल वापरायचे. कढताना पडवीभर जो कडवट तुरट वास सुटला, तो मला कुठून ओळखीचा वाटतोय हे तेव्हा कळलं: लहानपणी चपला शिवायला जायचो त्या दुकानातला.

कुटण्यात फार काही सांगण्यासारखं नाही. दोनच गोष्टी. लवंग एकटी कुटायची नाही, तेलकट असल्यानं ती बत्त्याला आणि चाळणीला लिंपते. वाळलेल्या बेहड्याबरोबर कुटली की बेहडा तेल धरून ठेवतो. आणि चूर्ण वस्त्रगाळ करायचं. डब्याच्या तोंडाला मलमल बांधायची, वर चूर्ण टाकून तळव्यानं हलकं फिरवायचं. वर जो चोथा राहतो तो परत कुटायचा, टाकायचा नाही. बेहड्याचा चिवट चोथा कंटाळून फेकून दिला तर प्रमाण बिघडतं. म्हणून वजनं गाळल्यानंतर करायची. आत्या मध्येच येऊन म्हणाली, "मिक्सर आहे की घरात." आतोबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. (मिरी आणि बेहडा पहिल्यांदा भरड करायला आम्ही तो वापरला. ते आंघोळीला गेले होते.)

मग घोटणं. हेच खरं काम.

खल काळ्या दगडाचा, लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. चारही चूर्णं त्यात कोरडीच एकत्र करून आधी रंग एकसारखा होईस्तोवर फिरवली. मग कोमट काढा, थोडाथोडा. काढा उकळता नको, लवंगेचं तेल उडून जातं. गार नको, कात नीट विरघळत नाही. चूर्ण भिजेल इतपतच ओतायचा. पहिली पाच-दहा मिनिटं बत्त्याखाली कचकच आवाज येत राहतो, हातालाही कण जाणवतात. मग कात सुटतो आणि सगळं एकदम चिकट होतं. बत्ता उचलावा तर खल सोबत येतो की काय असं वाटतं. इथं हात थांबवायचा मोह होतो, कारण दिसायला गोळा तयार दिसतो. गडद, चकचकीत, वळता येईलसा. आतोबा शेजारी पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "आवाज गेला का?"

गेला नव्हता. नीट कान दिला की बत्ता खलाच्या कडेला लागताना अजून बारीक खरखर होती.

घोटत राहायचं, रेटून, एका लयीत, खलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कडेला चढलेलं खरवडून मध्ये घ्यायचं. हळूहळू ओल ओढली जाते, गोळा घट्ट होतो, फुटतो आणि परत चुऱ्यावर येतो. ही एक भावना झाली. खलावर फडकं बांधून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तोच चुरा, ताजा काढा, पुन्हा तेच. दुसऱ्या भावनेला फरक हाताला कळतो. चूर्ण पाणी लवकर घेतं, कचकच फार थोडा वेळ टिकते. माझ्या उजव्या खांद्यानं तोवर जाब विचारायला सुरुवात केली होती. आतोबा सत्तरी ओलांडलेले, पण मधून मधून बत्ता घेऊन पंधरा-वीस मिनिटं सहज घोटायचे. त्यांचं मनगट हलत नाही, कंबर हलते.

तिसऱ्या दिवशी आवाज पूर्ण गेला. बत्ता फिरतोय आणि ऐकू काही येत नाही. त्यांनी चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळलं. बोटाला चिकटलं नाही. त्याची बारीक वात वळली आणि वाकवली, तडा गेला नाही. "आता वळायची." तडा गेला असता तर पाणी घालायचं नसतं, आणखी घोटायचं असतं. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सूचना ही. पाण्यानं गोळा तात्पुरता मऊ होतो, पण वाळल्यावर गोळीला भेगा पडतात. विकतची गोळी चुरली तेव्हा ते काय म्हणाले होते, ते मला इथं उमगलं. कारखान्यात कोरडं चूर्ण यंत्रात दाबायचं तर धरून ठेवायला गोंद, स्टार्च असं काहीतरी घालावं लागतं. इथं कात आणि बाभूळ दोन्ही औषधही आहेत आणि बांधणारेही. फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

गोळी दोन गुंजांची, म्हणजे साधारण २५० मिलिग्रॅम. आतोबांच्या लाकडी डबीत खऱ्या गुंजा आहेत, लाल, काळ्या डोळ्यांच्या. तराजूच्या एका पारड्यात दोन गुंजा आणि दुसऱ्यात गोळी, असं त्यांनी एकदा गंमत म्हणून दाखवलं आणि मग सरळ इलेक्ट्रॉनिक काटा काढला. ओली गोळी थोडी मोठी वळायची, वाळल्यावर उतरते. पहिल्या दहा वळून, वाळवून, एकत्र तोलायच्या आणि अडीच ग्रॅमच्या जवळ आल्या की तोच अंदाज पुढे धरायचा.

३०० ग्रॅमच्या २५० मिलिग्रॅमप्रमाणे १,२०० गोळ्या होतात. हा आकडा कागदावर लहान दिसतो. आत्या, शेजारच्या काकू आणि मी अशा तिघी परात घेऊन बसलो. पाटावर लांब वळी करायची, सुरीनं सारखे तुकडे पाडायचे, तळहाताला तुपाचा नुसता पुसट हात लावायचा आणि गोळी वळायची. आत्या एका वेळी तीन वळते. तळव्यात तीन तुकडे सुटे ठेवते, दुसरा तळवा वर आणि दोनच गिरक्या. मी प्रयत्न केला की तिन्हींची मिळून एक व्हायची. उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा, नाहीतर वरून कडक होतो. संध्याकाळी तिघींचे तळवे विटकरी झाले होते आणि भाऊबीजेला मी तशाच हातांनी ओवाळलं. काताचा रंग साबणाला दाद देत नाही.

वाळवणं सावलीत. ऊन लागलं की वरचं कवच आधी आवळतं आणि गोळी चिरते. सुपात एक थर पसरायचा, दिवसातून दोनदा हलवायचा. नीट वाळलेली गोळी काचेच्या बरणीत टाकली की टणटण वाजते.

आता वापराचं. ही गिळायची नाही. एक गोळी गालात ठेवायची आणि विसरायचा प्रयत्न करायचा. आधी काताचा तुरटपणा पसरतो, तोंडाला कोरड पडल्यासारखं वाटतं. मग घशात मिरी चढते आणि लाळ सुटते. सगळ्यात शेवटी लवंग, जिभेला आणि घशाच्या कडेला किंचित बधिरपणा. त्या बधिरपणातच खवखव थांबते, निदान माझी. घोटलेली गोळी अर्धा तास तरी सहज पुरते, म्हणजे एक पूर्ण तासिका निघते. दिवसातून चार ते सहा, असं आतोबांनी सांगितलंय. मला तीन-चारात भागतं. रात्री झोपताना मात्र तोंडात ठेवायची नाही, घशात अडकू शकते आणि सकाळी उशीही रंगलेली सापडते.

गुण किती? शिकवून घसा बसणं, रात्रीची कोरडी ढास, घशातली टोचणी यावर मला चांगला येतो आणि लवकर येतो. छाती भरलेली असते, कफ सुटत नसतो, तेव्हा फारसा नाही. तुरट रसानं उलट कोरडं पडल्यासारखं होतं, असा माझा अनुभव. ताप असला तर आतोबा ही देतच नाहीत, तपासतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर ते चघळत बसू देत नाहीत, सरळ सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला धाडतात. क्षयाच्या तपासणीचा सरकारी नियमही तोच आहे. वाईच्या बाजारातल्या एका गृहस्थांना त्यांनी असंच पाठवलं होतं, ते अजून आतोबांवर रुसलेले आहेत.

त्रासही आहेत. जास्त झाल्या तर पोट बांधतं, तो कात. आम्लपित्त असेल तर मिरी-लवंग चाळवतात. माझी एक सहकारी लोहाच्या गोळ्या घेते, तिला आतोबांनी दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. टॅनिन लोहाला धरून ठेवतं, त्या खिळ्यावर जे झालं तेच पोटात नको. रक्त पातळ होण्याची किंवा फिटची औषधं चालू असणाऱ्यांना ते आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून यायला लावतात. आणि लहान मुलांना अख्खी गोळी नाही, इतकी कडक गोळी घशात अडकण्याचीच भीती. थोडी मोठी मुलं असतील तर पूड करून मधातून. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात गुटिकेला, म्हणजे गोळीला, एका वर्षाची मुदत सांगितली आहे. आतोबा ती पाळतात. बरणीवर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख, आणि पुढच्या दिवाळीत जे उरलं असेल ते खड्ड्यात.

शाळेत ही गोळी पसरायला वेळ लागला नाही. स्टाफरूममध्ये माझ्या डबीची चौकशी होऊ लागली आणि आमच्या भाच्याला लगेच धंदा सुचला. छान लेबल, काचेच्या बाटल्या, इन्स्टाग्राम. आतोबांनी त्याला शांतपणे बसवून सांगितलं की वैद्यानं स्वतःच्या पेशंटसाठी औषध करायला १९४० च्या औषध कायद्यात मुभा आहे, पण विकायला केलं की परवाना लागतो आणि जागा, यंत्रं, नोंदी सगळं नियमात बसवावं लागतं. "परवाना काढ, मी घोटायला येतो," म्हणाले. भाच्यानं कायद्यावर थोडा वाद घातला. मग आत्यानं त्याला बत्ता हातात दिला आणि जेवण होईस्तोवर घोट म्हणून सांगितलं. त्यानं परवान्याची चौकशी अजून केलेली नाही.